फडापर्यंत

"आपल्याकडं गरीब कमी पडलेत का, म्हणून तिकडं निघालीस?" दक्षिण सुदानला जायचं ठरलं तेव्हा गेवराईत हा प्रश्न मला जवळपास प्रत्येकानं विचारला. मामानं विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, मी नोकरी करत होते त्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी विचारला. प्रश्न रास्तच होता. बीड जिल्ह्यातल्या माणसाला गरिबी बघायला विमानात बसावं लागत नाही. माझे आईवडील स्वतः ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा, आम्ही भावंडं आजीजवळ राहायचो आणि पाडव्याच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की माय परत यायची. तिच्या हातांवर उसाच्या पाल्यानं कापल्याचे वण असायचे. आमच्या गावापर्यंत जायकवाडीच्या कालव्याचं पाणी पोचलेलं नाही, त्यामुळं पाऊस गेला की गावात काम नाही आणि काम नाही म्हणून कोयता. एवढा साधा हिशोब होता.

एका मदत संस्थेकडून मी गेले त्याची कारणंही साधी होती. परिचारिकेचं शिक्षण झालं होतं, काही वर्षांचा अनुभव होता आणि युद्धात किंवा उपासमारीत माणसं मरतात तेव्हा आपल्या हातानं नेमकं काय करता येतं, हे शिकायचं होतं. पगारही बरा होता, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. भावाचं शिक्षण त्याच पैशातून झालं. पण परत आल्यानंतरच्या वर्षांत हा प्रश्न माझ्यासोबत राहिला. दूर जाऊन केलेली सेवा मोठी की आपल्या माणसांत राहून केलेली? आता मला वाटतं की हा प्रश्न अंतराचा नाहीच. ते कसं उमगलं, ते सांगायचा प्रयत्न करते.

दक्षिण सुदान २०११च्या ९ जुलैला स्वतंत्र झाला आणि अडीच वर्षांत, २०१३च्या डिसेंबरात, तिथं यादवी पेटली. मी होते ती विस्थापितांची छावणी बेंटिऊ गावाजवळची. लाखभर माणसं संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांच्या आडोशाला, पत्र्याच्या आणि ताडपत्रीच्या खोपटांत राहत होती. २०१७च्या फेब्रुवारीत त्याच प्रांतातल्या काही भागांत अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला. आपल्याकडं दुष्काळ म्हटलं की कोरडी विहीर, टँकर आणि चारा छावणी डोळ्यांसमोर येते. तिथं पाणी कमी नव्हतं. नाईलच्या खोऱ्यातला दलदलीचा मुलूख तो. दुष्काळ लढाईचा होता. गुरं लुटून नेलेली, पेरणीच्या वेळी माणसं पळत असलेली, बाजार बंद. दलदलीत लपलेली कुटुंबं पाण्यातल्या कमळांची मुळं आणि बिया खाऊन जगत होती.

आणि जमीन? जमीन आमच्यासारखी काळी. पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा बूट चिखलात असे रुतले की बाहेर काढायला दोघीजणी लागल्या. कपाशीच्या रानातली हीच माती मी लहानपणी पायांनी तुडवली होती. लोकांचं मुख्य धान्यही ज्वारी. तिचं पीठ आंबवून केलेली पातळ किसरा ते खातात, नाहीतर पीठ शिजवून घट्ट गोळा करतात. पहिल्या आठवड्यात एका बाईनं मला तो गोळा दिला आणि मी चव ओळखली, तेव्हा तिला फार आनंद झाला. माझ्या देशातही ज्वारी आहे यावर तिचा विश्वासच बसेना.

माझं काम कुपोषित मुलांच्या कक्षात होतं. त्या कामाचं सगळ्यात महत्त्वाचं साधन म्हणजे कागदासारखी एक पट्टी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या दंडाचा मधला भाग शोधायचा, तिथं पट्टी गुंडाळायची आणि खिडकीतून दिसणारा रंग बघायचा. हिरवा असेल तर ठीक. साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटरच्या दरम्यान पिवळा, म्हणजे मूल घसरतंय. साडेअकराच्या खाली लाल, म्हणजे आत्ता उपचार नाहीत तर जीव धोक्यात. लाल पट्टीचं मूल हसरं असेल, खात असेल, अंगावर सूज नसेल, तर त्याला शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं देऊन घरी पाठवता येतं. एका पाकिटात पाचशे कॅलरी. पण मूल मलूल असेल, खायला तोंडच उघडत नसेल, तर त्याला आधी फार कमी ताकदीचं खास दूध थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रंदिवस पाजावं लागतं. भुकेलेल्या शरीरात एकदम अन्न घातलं तर ते मरू शकतं. दया आली म्हणून जास्त पाजायचं नाही, हे तिथं पहिल्या दिवशी शिकवतात. घड्याळ बघून, मोजून, वही भरून पाजायचं.

हे सगळं मला शिकवलं तिथल्याच एका परिचारिकेनं. नुएर समाजातली, माझ्याहून वयानं लहान, आणि स्वतः त्याच छावणीतल्या खोपटात राहणारी. माझं शिक्षण तिच्याहून जास्त होतं, पगार तर कितीतरी पट होता. पण मूल दवाखान्यात का आलं नाही, कोणती आई पाकिटं एका लेकराऐवजी चार लेकरांत वाटते, कोणाच्या घरी नवरा परत आल्यानं बाईला बाहेर पडता येत नाही, हे तिला माहीत असायचं. ती नसती तर मी फक्त वही भरली असती. अशा मोठ्या मदत संस्थांत परदेशातून आलेली माणसं थोडी असतात. दहांतली नऊ त्याच देशातली असतात. बातमीत मात्र आम्ही दिसायचो.

एका रात्रपाळीत तिनं मला विचारलं, "तुझ्या गावातल्या आजारी बायकांकडं आता कोण बघतं?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं होतं की माझ्या जागी तिकडं कोणी ठेवलेलं असेल. मी म्हटलं, दवाखाने आहेत, डॉक्टर आहेत. ती "बरं" म्हणाली आणि पुढच्या बाळाचं दूध मोजायला लागली.

लढाई जवळ आली की आम्हा बाहेरच्यांना विमानानं राजधानी जुबाला हलवत. नियमच तो आणि त्यात काही चूक नाही. संस्थेवर आमच्या जिवाची जबाबदारी असते. अशा एका सकाळी मी धावपट्टीकडं जाणाऱ्या गाडीत बसले आणि ती कक्षाच्या दारात उभी होती, कडेवर एक बाळ, हातात वही. दुसरी वही मी तिच्याकडं सोपवली होती. काही आठवड्यांनी परतलो तेव्हा नोंदी सलग होत्या. एकाही रात्रीचं दूध चुकलेलं नव्हतं. त्या वह्या चाळताना मला जे कळलं ते कुठल्याही प्रशिक्षणात कळलं नसतं: आपण निघून जाऊ शकतो, हाच आपल्यातला आणि तिच्यातला मुख्य फरक आहे. शिक्षण, पगार, भाषा, कातडीचा रंग, सगळं त्याच्यानंतर. तिच्या कामाचं बळ ती निघून जाऊ शकत नव्हती यातच होतं. कारण ज्या आयांच्या मुलांना ती दूध पाजत होती, त्या आयांसोबत तिला उद्याही पाण्याच्या रांगेत उभं राहायचं होतं.

करार संपल्यावर गेवराईला आले तर चौकात माझं अभिनंदन करणारा फलक लागलेला. दोन ठिकाणी सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, पेपरात फोटो आला. लोकांचं प्रेम खरं होतं, ते मी मनापासून घेतलं. पण त्याच सभागृहात मागच्या रांगेत माझ्या गावची आशा ताई, म्हणजे आशा आरोग्य कार्यकर्ती, बसलेली होती. बाळंतिणीला रात्री-अपरात्री जीप मिळवून दवाखान्यात नेणारी, मोबदल्याचे पैसे महिनोन्महिने थकलेले असूनही काम करणारी. तिचा सत्कार आजपर्यंत कोणी केल्याचं मला माहीत नाही. बेंटिऊत जी माझी शिक्षिका होती, तिचीच ही गेवराईतली बहीण. फक्त हिला बघायला आम्हाला परदेशात जायची गरज नव्हती, आणि म्हणूनच बहुधा आम्ही तिला बघत नव्हतो.

परदेशी जाऊन सेवा करणं म्हणजे मिरवणं, घरच्यांना विसरणं, असं कोणी म्हणालं की मला मान्य होत नाही. आमच्या गेवराईवरून जाणारा महामार्ग पुढं बीडमार्गे सोलापूरला जातो. त्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. भारत तेव्हा स्वतः गुलाम होता, गरीब होता. इथं रोगी कमी नव्हते. तरीही जपानी आक्रमणाखालच्या चिनी माणसांसाठी ही माणसं गेली. बाकीचे चौघं परत आले. कोटणीस राहिले, तिथली भाषा शिकले, तिथंच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. ते परक्या देशात गेले, पण परके म्हणून राहिले नाहीत, असं मला वाटतं. ते निघून न जाणारे झाले.

उलट दिशेनं आलेलेही आहेत. रजनीकांत आणि मेबल आरोळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७०मध्ये जामखेडला येऊन बसले. जामखेड आमच्या जिल्ह्याच्या अगदी शिवेवर. त्यांनी काय केलं? गावातल्या, बहुतेक निरक्षर आणि कितीतरी दलित बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन त्यांच्याच हातात गावाचं आरोग्य दिलं. अभय आणि राणी बंग त्याच विद्यापीठात शिकून गडचिरोलीला आले, १९८६मध्ये 'सर्च' उभी केली आणि घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला गावच्या बायकांना शिकवलं. आता जगभरातली माणसं हे बघायला, शिकायला या ठिकाणी येतात. बाबा आमट्यांच्या आनंदवनात तर पन्नासच्या दशकात परदेशी तरुण-तरुणी येऊन कुष्ठरोग्यांच्या बरोबरीनं विटा-दगड वाहत होते, आणि जवळच्या वरोऱ्याची मंडळी तेव्हा आनंदवनाच्या जवळ यायलाही कचरत होती. बाहेरून आलेल्यांनी स्पर्शाची भीती मोडून दाखवली. कधी कधी आपल्या माणसांना आपलंसं करायला परका लागतो. तेव्हा जावं की राहावं, असा सरळ कौल मला देता येत नाही.

पण इथलं काम वेगळं आहे, आणि जास्त अवघड आहे, हे मात्र मी ठामपणे सांगेन.

बेंटिऊत मला कोणी जात विचारली नाही. परत आल्यावर गेवराई तालुक्यात घरोघर तपासणीला जायला लागले तेव्हा पहिला प्रश्न, "कुणाची गं तू?" आडनाव सांगितलं की समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर काहीतरी उघडायचं किंवा मिटायचं. मग दुसरा प्रश्न, "कोणत्या साहेबाची माणसं तुम्ही?" म्हणजे कोणत्या पुढाऱ्याची. निवडणूक जवळ असली तर विचारूच नका. आम्हा चार-पाच जणींनी सुट्टीच्या दिवशी गावागावात जाऊन वजनं घेणं, रक्तातलं लोह तपासणं, यामागं कोणाचा तरी पैसा आणि कोणाचं तरी तिकीट असणारच, असं लोक धरून चालतात. वर्षानुवर्षं जे पाहिलं त्यावरून धरतात. तो संशय घालवायला दोन हंगाम लागले.

तांड्यांवर तर भाषेचाच प्रश्न. दक्षिण सुदानमध्ये दुभाषी नेमलेला असायचा, ती नोकरीच असते. आमच्या तालुक्यातल्या बंजारा तांड्यावर म्हाताऱ्या बायका गोरमाटी बोलतात, दुखणं सांगताना तर हमखास. 'मराठी येतेच की त्यांना' असं म्हणून सरकारी शिबिरात कोणी दुभाषी ठेवत नाही. आम्ही तांड्यावरच्या दहावी झालेल्या एका मुलीला सोबत घ्यायला लागलो आणि पहिल्याच दिवशी बायका अशा बोलल्या की वही पुरली नाही.

त्या बोलण्यात सगळ्यात जास्त वेळा आलेली गोष्ट म्हणजे पिशवी. "पिशवी काढलीया माझी." भाजी निवडावी इतक्या सहज आवाजात. तिशीतल्या बायका, कधी पंचविशीतल्या. २०१९ साली हा विषय देशभर गाजला. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. शंभरात सोळा-सतरा. देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. नियम चांगला आहे. पण आकडा कुठून आला ते समजून घ्यायचं तर फडात जावं लागतं.

कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीला मिळते, आणि हंगामभर तोडलेल्या टनांतून ती फेडायची. एक दिवस काम चुकलं तर खाडा, म्हणजे पैसे मिळत नाहीतच, वर दंड लागतो. बाई पहाटे उठते, कोपीत, म्हणजे झोपडीत, स्वयंपाक करते, फडात जाते, नवरा तोडतो त्या कांड्या गोळा करून मोळ्या बांधते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढते. रात्री गाडी भरायला आली तर रात्रीही. पाळी आली तरी हेच. कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, शौचाला उसाचा फड. पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं, डॉक्टरकडं गेली तर साध्या औषधानं बरं होणाऱ्या दुखण्यासाठी कॅन्सरची भीती घातली जाते. बाई विचार करते: पाळी गेली तर खाडा गेला, दुखणं गेलं. लेकरं झालीत. पिशवी काय करायची? ऑपरेशनचा खर्च पुढच्या हंगामाच्या उचलीतून. मग कमी वयात हाडं दुखणं, घामाचे झोत, थकवा, आणि त्याच अंगावर पुन्हा मोळी.

हे ऐकून शहरातली माणसं म्हणतात, "त्यांना कोणी समजावून सांगत नाही का?" समजावतो आम्ही. पण गावात जून-जुलैत समजावलेलं जानेवारीत फडात उपयोगी पडत नाही. तिला दुखतं तेव्हा ती गेवराई तालुक्यात नसतेच. ती असते कोल्हापूर, सांगली, सातारा भागात, नाहीतर सीमेपलीकडं कर्नाटकात. मी वर्षभर ज्यांना 'आपल्या तालुक्यातल्या बायका' म्हणत होते, त्या वर्षातले पाच-सहा महिने परमुलखात होत्या. तिथल्या आरोग्य केंद्राच्या यादीत त्यांची नावं नव्हती, तिथल्या अंगणवाडीत त्यांची लेकरं नव्हती, कर्नाटकात तर दुखतंय हे सांगायला भाषाही नव्हती. आणि गावातल्या यादीत नाव असून बाई जागेवर नाही. दोन्हीकडच्या वह्यांत ती गैरहजर. बेंटिऊत निदान छावणी होती, तिच्या दाराशी आम्ही होतो.

म्हणून आम्ही फडापर्यंत जायला लागलो. सोपं नव्हतं. नोकरी सांभाळून जायचं, आपल्या पैशानं जायचं. टोळी कुठल्या गावाच्या शिवारात आहे हे मुकादमाला माहीत असतं, आणि मुकादम सहजासहजी सांगत नाही. माझा स्वतःचा चुलतमामा मुकादम. त्याच्याकडं गेले तेव्हा त्यानं स्पष्ट विचारलं, "तू बायकांना काम बंद करायला सांगणार का?" मी म्हटलं, नाही, पण दुखणाऱ्या बाईचा खाडा लावू नको असं तुला सांगणार. मामीनं चहा ठेवला, मामा बराच वेळ बोलला नाही. त्याचीही अडचण असते. कारखान्याकडून त्यानं पैसे उचललेले असतात, एखादी जोडी पळून गेली तर ते त्याच्या अंगावर येतात. कित्येक मुकादम त्यात बुडालेत. परदेशात असते तर मी त्याला एका ओळीत शोषण करणारा म्हणून अहवालात लिहिलं असतं. इथं तो माझ्या लग्नात अक्षता टाकणारा माणूस आहे, आणि उद्या दिवाळीला त्याच्या घरी जायचं आहे. त्यामुळं मला त्याच्याशी भांडावंही लागलं आणि त्याचं ऐकावंही लागलं. शेवटी त्यानं तीन टोळ्यांचे पत्ते दिले. पुढच्या हंगामात स्वतःच्या टोळीतल्या गरोदर बायकांना मोळी चढवायला लावायची नाही, एवढं त्यानं कबूल केलं आणि पाळलं. त्याचं नाव कोणत्याही अहवालात येणार नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात आमची टोळी होती. कोपी पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या, ओढ्याच्या काठाला. मी सोबत दंड मोजायच्या पट्ट्या नेल्या होत्या. बेंटिऊतलीच पट्टी, तेच रंग. तिथल्या लेकरांत लाल निघाली, पिवळी तर बरीच. महाराष्ट्रातल्या सगळ्यात सधन ऊसपट्ट्यात, साखरेच्या ढिगाऱ्याशेजारी. मी आधी कितीतरी मुलांचे दंड मोजले होते, तरी त्या संध्याकाळी माझे हात थरथरत होते, कारण या पोरांच्या आज्यांना मी ओळखत होते.

पण त्याच गावात मी आणखी एक गोष्ट पाहिली. ज्या शेतकऱ्याचा ऊस तोडणं चालू होतं, त्याच्या बायकोनं घरामागची न्हाणी टोळीतल्या बायकांसाठी उघडी ठेवली होती. कोणी सांगितलं नव्हतं. तिनं तिथल्या अंगणवाडी सेविकेला गाठून कोपीवरच्या लेकरांना गरम आहार सुरू करून घेतला होता. मी तिचे आभार मानले तर म्हणाली, "आभार कशाला ताई, आमच्याच रानात आल्यात की त्या." तिनं ना परदेश पाहिला होता ना कुठली संस्था काढली होती. तिच्यासाठी आपलं माणूस म्हणजे आपल्या रानात उभं असलेलं माणूस. मी इतकी वर्षं आपलं आणि परकं यांची मोजणी जन्मगावावरून करत होते. या बाईनं ती माणूस आत्ता कुठं आहे यावरून केली.

२०२०च्या मार्चअखेरीस कोरोनामुळं टाळेबंदी लागली तेव्हा हे आपलं-परकं सगळ्यांसमोर उघडं पडलं. हंगाम संपत आला होता आणि राज्यभरातल्या कारखान्यांच्या तळांवर सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर अडकून पडले होते. ऊस संपला, दुकानं बंद, किराणा संपला. कोणी फोनवर रडायचं, "ताई, काहीबी करा, गावाकडं न्या." एप्रिलच्या मध्यावर सरकारनं परतीची परवानगी दिली आणि गाड्या बीडकडं निघाल्या. मग काही गावांनी वेशीवर काटे टाकले. स्वतःच्या गावात, स्वतःच्या घराच्या हाकेच्या अंतरावर लोक शाळेत, समाजमंदिरात, शेतातल्या गोठ्यात दिवस काढत होते. मी एका जिल्हा परिषद शाळेत रोज ताप तपासायला जायचे. एक म्हातारी वर्गाच्या खिडकीतून समोर स्वतःचं घर बघत बसलेली असायची. तिकडं परके, इकडंही परके. काही गावांनी मात्र पाळीपाळीनं भाकऱ्या पोचवल्या, आणि त्यात पुढं होत्या त्या बायका ज्या स्वतः कधीतरी कोयत्याला गेलेल्या होत्या. भीती सगळ्यांनाच होती. ज्यांनी परकेपण भोगलं होतं त्यांना ती बाजूला ठेवता आली, असं मला दिसलं.

या कामामुळं आता मुंबई-पुण्याहून आणि परदेशातून मराठी घरांतली मुलं-मुली "आम्हाला पंधरा दिवस सेवा करायचीय" म्हणून फोन करतात. मला त्यांचा राग येत नाही. मीही त्याच ओढीनं गेले होते. पण मी त्यांना लेकरांसोबत पंधरा दिवस राहायला कुठं पाठवत नाही. आमच्या गेवराईत संतोष गर्जे यांनी २००४पासून अनाथ आणि निराधार लेकरांसाठी 'बालग्राम' चालवलंय. स्वतः आष्टी तालुक्यातल्या गरीब घरातला हा माणूस अगदी कोवळ्या वयात या कामात पडला आणि तिथून हलला नाही. तिकडं शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं 'शांतिवन' ऊसतोड मजुरांच्या मुलांना सांभाळतं. अशा ठिकाणच्या लेकरांना आधीच खूप माणसं सोडून गेलेली असतात. पंधरा दिवस लळा लावून जाणारं आणखी एक माणूस त्यांच्या आयुष्यात कशाला? तुम्हाला हिशोब येतो, नकाशे येतात, संगणक येतो, कायदा येतो, तर तो द्या. तो घरी बसून, वर्षानुवर्षं देता येतो. अमेरिकेत असलेल्या एका मराठी मुलीनं आमच्या टोळ्यांची यादी आणि जवळची आरोग्य केंद्रं यांचा असा तक्ता बनवून दिलाय की कुठल्या कोपीवरून कुठं फोन करायचा हे एका नजरेत कळतं. दर हंगामाच्या आधी ती न चुकता तो नवा करते. ती गेवराईला एकदाही आलेली नाही. पण ती सोडून गेलेली नाही, आणि माझ्या लेखी ती आमच्यातलीच आहे.

बेंटिऊच्या मैत्रिणीचा निरोप अधूनमधून येतो. नेटवर्क असलं तर. २०२१पासून त्या भागाला पुरानं वेढलंय, छावणीभोवती बांध घालून माणसं राहतात. ती अजून त्याच कामात आहे. मी फडातल्या लेकरांच्या नोंदीचा फोटो तिला पाठवला, तर तिनं दोन चुका दाखवल्या: वयाचा रकाना अर्धवट आहे, आणि दुसऱ्या भेटीची तारीख लिहिलेली नाही. तेव्हापासून आमच्या वहीत ते दोन्ही रकाने ठळक आहेत.

मागच्या वर्षीपासून एक नवं काम अंगावर घेतलंय. गेवराई कपाशीचं गाव, कापूस सुरू झाला की जिनिंग कारखान्यांवर परराज्यातली माणसं येतात, काही बायका-लेकरांसकट. आमची माणसं उसाला बाहेर जातात त्याच महिन्यांत ही माणसं आमच्याकडं येतात. इतकी वर्षं मी त्या फाटकांवरून ये-जा करत होते. आता आठवड्यातून एक संध्याकाळ आम्ही तिथं जातो. पहिल्या दिवशी एका बाईनं हिंदीत विचारलं, पैसे किती लागतील. गरोदर होती, सातवा महिना, एकदाही तपासणी नाही. तिच्या नावानं कार्ड काढायला गेलो तर पत्ता कुठला लिहायचा यावर अडलं. ती म्हणाली, गावचा लिहा. आरोग्य सेविकेनं आधी गावचा लिहिला, मग खाली एक ओळ वाढवली: सध्या मुक्काम गेवराई. त्या ओळीवर तिला धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं, लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि पुढच्या तपासणीची तारीख मिळाली. जिनिंगवर अशा आणखी बायका आहेत. त्यांची यादी करणं चालू आहे.